येते म्हणावं

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार

कुवेत गेलं. सकाळच्या चहाबरोबर गेलं. रेडिओवाल्याने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मी आधी साखर ढवळली आणि मग दचकलो.

तिकडे फहाहीलचा फोन लागत नाही. मृणालिनीच्या खोलीत फोन नाही, म्हणून खालच्या घरमालकीणबाईंचा फिरवला. मग तिच्या शाळेचा. पुन्हा बाईंचा. दुपारपर्यंत घंटा वाजल्यासारखी वाटायची, आता नुसती शीळ.

ईशानी म्हणाली, "बाबा, मेबी द लाइन इज बिझी." चौदा वर्षांची आहे, दुबईत वाढलीय, तिच्या मते जगात फार तर लाइन बिझी असते. बरोबर आहे. आज अख्खा देश बिझी आहे.

३ ऑगस्ट

शुक्रवार. मीना बझारात प्रत्येक गल्ल्यावर एकेक युद्धतज्ज्ञ बसलाय. साडीवाला म्हणतो, चार दिवसांत खलास. घड्याळवाला म्हणतो, पुढचा नंबर आपला. दोघांनीही पाण्याच्या बाटल्या मात्र खोक्यांनी भरून ठेवल्यात.

सोमवारी तिच्याशी बोललो होतो. शाळेला सुट्टी लागून महिना झाला, सगळे मास्तर आपापल्या गावी गेले, आणि ही तिथेच. का, तर घरमालकीण बदरुन्निसाबाईंना जूनमध्ये अर्धांगवायू झाला. मूळच्या हैदराबादच्या, चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून तिकडे गेलेल्या. नवरा वारला, मुलं लंडनला. मग त्यांना बघणार कोण? माझी बायको! मी म्हणालो (शब्द नीट आठवतात, कारण वाक्य जमलं म्हणून खूश झालो होतो), "तुला नवरा हवाय की घरमालकीण ते एकदा कळव. मीही भाडं घ्यायला सुरुवात करतो."

हसली नाही. "बघते," म्हणाली. ती तिकडे नोकरीला गेल्यापासून चार वर्षांत तिच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं क्रियापद.

८ ऑगस्ट

प्रेसमध्ये खजुराच्या खोक्याचं प्रूफ आलं. 'नेट वेट'मध्ये वजनाच्या स्पेलिंगऐवजी थांबण्याचं स्पेलिंग छापलेलं. लाल शाईने दुरुस्त केलं. नंतर वाटलं, राहू द्यायला हवं होतं.

२४ ऑगस्ट

गणपती. मंडळात यंदा माझं प्रहसन नाही. अध्यक्ष म्हणाले, "उल्हासराव, परिस्थिती गंभीर आहे, विनोद बरा दिसणार नाही." मी म्हटलं, दरवर्षी माझ्या लेखनात विनोद नसतोच, असं तुम्हीच म्हणता की.

आरतीनंतर जो तो मोदकाची वाटी हातात घेऊन माझ्याजवळ येतो. मान एका बाजूला कलती. "वहिनींची काही खबर?" मी "नाही" म्हटलं की मोदक खाता येतो. एकाने तर खाऊन झाल्यावर विचारलं. त्याचा मला सगळ्यात कमी राग आला.

२९ ऑगस्ट

कुवेत आता देश नाही. बगदादचा एकोणिसावा प्रांत. प्रूफ न वाचता छापून टाकलं.

२ सप्टेंबर

पत्र! कोणा मल्याळी नर्सबाईने अम्मानहून पोस्टात टाकलंय. तारीख एकोणीस ऑगस्ट. शाळेच्या उत्तरपत्रिकेच्या कागदावर, वर 'विद्यार्थ्याचे नाव' ही ओळ रिकामी. माझ्यापेक्षा बरं लिहिते, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. उतरवून ठेवतो, कागद फाटतोय.

"गावातल्या पाट्या लोकांनी रातोरात काढल्या. रस्त्यांच्या, घरांच्या नंबरांच्या. सैनिक पत्ता विचारत फिरतात. ज्यांचा जन्म इथला तेही म्हणतात, आम्हाला माहीत नाही. काल एकाने मला मशिदीच्या मागची गल्ली विचारली. मी मशिदीच्या मागच्या गल्लीतच उभी होते. म्हटलं, मी नवीन आहे."

"शाळेत सैन्य उतरलंय. सातवी ब मध्ये झोपतात. खिडकीतून दिसलं, फळ्यावर माझ्या अक्षरातला सुट्टीचा अभ्यास अजून आहे. कोणीच केलेला दिसत नाही."

"ब्रेडच्या रांगेत दोन तास. दुकानात तांदूळ नाही, त्यांच्या साहेबाचा फोटो आहे. गाड्यांना त्यांच्या नंबरप्लेट लावा, नाहीतर पेट्रोल नाही. घड्याळंही त्यांच्या वेळेला लावायची. बाई म्हणतात, 'मेरे कू दवा पुरानी टैम पेच देना.' घरात दोन घड्याळं ठेवलीत. दाराकडचं त्यांचं, पलंगाकडचं आमचं."

"परवा चौघे घरात शिरले. त्यातला मिश्या पिकलेला बाईंच्या पलंगापाशी उभा राहिला, म्हणाला, माझी आई अशीच आहे. डोळ्यांत पाणी. मग फ्रीज घेऊन गेले. त्यानेच दार धरलं."

शेवटी ईशानीसाठी पाच ओळी. केस कापू नकोस, गणिताला रडू नकोस, असं. आणि माझ्यासाठी एक. "गॅसचा पाइप बदल, फाटलाय."

कधी येणार, ते चारही पानांत नाही. मी उलटसुलट करून पाहिलं. पेशाच आहे माझा. काय छापलंय त्यापेक्षा काय गळलंय ते आधी दिसतं.

१० सप्टेंबर

हेमाचा फोन, मुंबईहून. मृणालिनीची धाकटी बहीण. अम्मानहून विमानं भरभरून येताहेत, ही रोज नावाचा बोर्ड घेऊन विमानतळावर उभी. "भावोजी, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी उतरतात हो. एक बाई तर माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, अहो मी तुमची कोणी नाही. म्हणाली, असू दे."

तिकडून निघायचा रस्ता असा: गावातली आपली माणसं नावं नोंदवून घेतात, बस मिळते, बसरा, बगदाद, मग वाळवंटातून अम्मान, तंबूत आठ-दहा दिवस, मग विमान. हजारो लोक निघाले. म्हणजे निघता येतं. हे वाक्य मी ईशानीला तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आय हर्ड यू द फर्स्ट टाइम."

१९ सप्टेंबर

आज काही नाही.

३ ऑक्टोबर

प्रेसमधून आलो तर फोनपाशी पॅडवर ईशानीच्या गोल अक्षरात, इंग्रजीत: "अन्वर अंकल कॉल्ड फ्रॉम बॉम्बे. आई इज कमिंग!" खाली तीन रेघा.

अन्वर म्हणजे मृणालिनीच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. दापोलीकडचा, तिच्याशी मराठी बोलणारा तिथला एकुलता एक माणूस. तो सुटला!

"आणखी काय म्हणाला? कधी? कुठल्या बसने?"

"बाबा, द लाइन वॉज सो बॅड. ही सेड शी सेड टू टेल अस. शी इज कमिंग. दॅट्स ऑल."

दॅट्स ऑल! मी सोफ्यावर बसलो. बराच वेळ बूट काढले नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला आनंद झाला की तो पहिला कुठे दुखतंय का ते तपासतो.

५ ऑक्टोबर

शुक्रवार. गॅसचा पाइप बदलला. मोरी घासली. तिचं कपाट उघडलं तर माझे हिवाळ्यातले कपडे तिच्या साड्यांच्या डोक्यावर चढून बसलेले. मीही एक प्रांत बळकावला होता तर! सैन्य मागे घेतलं.

टोमणे मारायचे नाहीत असं ठरवलं. बदरुन्निसाबाईंबद्दल एक शब्द नाही. ईशानी म्हणाली, "यू वोन्ट लास्ट वन डे." पैज लागली.

१३ ऑक्टोबर

आपल्या वकिलातीच्या कचेरीत गेलो. तिथे विजयकुमार नावाचा एक स्वयंसेवक आहे, कोट्टायमचा, त्याचा स्वतःचा भाऊ तिकडे. याद्यांचे गठ्ठे घेऊन बसतो. म्हणाला, "सर, लास्ट बस लेफ्ट ऑन इलेव्हन्थ. नाउ फिनिश. यादी यायला टैम लगेगा. मॅडम उसी में होंगी, इन्शाल्ला."

मी विचारलं, "तुमचा भाऊ?"

"वो पहली बस में आ गया, सर."

म्हणजे हा माणूस आता फक्त आमच्यासाठी बसतो. त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

१८ ऑक्टोबर

दिवाळी. ईशानीने तीन ताटं मांडली. मी तिसरं उचललं नाही. तिनेही उचललं नाही. दुपारी मीच तिसऱ्या ताटातला लाडू खाल्ला, पुरावा नष्ट करावा तसा.

२ नोव्हेंबर

हेमा: "भावोजी, विमानं बंद झाली. बोर्ड मी आज फाडला. रागावू नका. मुलं त्याच्या मागच्या बाजूला चित्रं काढायला लागली होती."

रागावलो नाही. यादी आली म्हणतात, तिच्यात 'एम'वर अकरा नावं आहेत. अकराही बायका दुसऱ्यांच्या.

१६ नोव्हेंबर

अन्वर भेटला. नोकरी शोधायला दुबईत आलाय. खाडीच्या धक्क्यावर, पलीकडे नेणाऱ्या होड्या, अब्रा, सुटतात तिथल्या टपरीवर बोलावलं. ईशानीला घरीच ठेवलं. काय ऐकायला मिळेल याची तेव्हाच कल्पना असावी मला.

काटकुळा झालाय. आधी शाळेतला फोटो पाहिला होता त्यात ढेरी होती. चहा दोन्ही हातांत धरून पितो.

"भाऊ, एकोणीस तारीख होती सप्टेंबरची. बस सकाळी सहाला. नाव दोघांचंही होतं. माझ्या बाजूची सीट टीचरची."

"मग?"

"आल्या की गेटपर्यंत. हातात बॅग. मी म्हटलं, टीचर, यल्ला, बसवाला तापलाय! बॅग त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर दिली."

"बॅग कुठंय तिची?"

तो गडबडला. "तिची नाही, भाऊ. माझीच बॅग. माझ्या खोलीत सैनिक उतरले म्हणून त्यांच्याकडे ठेवली होती मी. ती आणून दिली. आणि पोळ्या. अठरा पोळ्या. बसभर वाटल्या."

समोरून अब्रा भरली, सुटली. दुसरी लागली.

"मी म्हटलं, टीचर, तुमचं सामान? म्हणाल्या, बाईंची कूस बदलायला घरात कोणी नाही, अन्वर. मी म्हटलं, पोरगी आहे तुमची दुबईत. मग म्हणाल्या, घरी फोन कर. मी म्हटलं, काय सांगू? म्हणाल्या, येते म्हणावं."

"कशी म्हणाली?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या अर्थाने? येईन मागाहून, अशी म्हणाली, की..."

अन्वरने ग्लास खाली ठेवला. "भाऊ, निघताना म्हणतात तशी. म्हणता म्हणता वळल्या होत्या. आमच्यातही तसंच म्हणतात." मग म्हणाला, "मी पोरीला शब्द न् शब्द तेच सांगितलं. आई म्हणाली, येते म्हणावं. पोरगी ओरडली, थँक यू अंकल! मला वाटलं, हिंमतवाली आहे. माझ्या पोरीने फोन टाकून दिला असता."

त्याला चहाचा दुसरा ग्लास सांगितला. घेतला नाही. "मला माफ करा," म्हणाला. कशाबद्दल? निरोप बरोबर पोचवल्याबद्दल?

१७ नोव्हेंबर

आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. दारातून पाय बाहेर पडतो आणि तोंडाने म्हणायचं 'येते'. हे ईशानीला कोणी सांगितलं? मी नाही सांगितलं. ती शाळेला निघताना 'बाय' म्हणते, मीही 'बाय' म्हणतो. तिच्या मराठीत येते म्हणजे येते. सरळ पोरगी, सरळ भाषांतर. चूक माझी. वीस वर्षं प्रुफं वाचतो, आणि सहा आठवडे ते इंग्रजी वाक्य पुढ्यात असताना मूळ प्रत मागितली नाही.

आणि मूळ प्रत मिळाली तरी काय? येते म्हणजे जाते, येते म्हणजे येते. संदर्भावरून ठरवायचं. संदर्भ फहाहीलमध्ये. पाट्या काढलेल्या.

१८ नोव्हेंबर

ईशानी: "व्हॉट डिड अन्वर अंकल से?"

"बसमध्ये जागा नव्हती."

"अँड द नेक्स्ट बस?"

"त्यातही नव्हती."

"सो इट्स नॉट हर फॉल्ट." असं म्हणून वही उघडून गणितं करायला लागली. रडली नाही. गणिताला रडू नकोस असं पत्रात लिहिलं होतं ना. आईचं ऐकते.

४ डिसेंबर

दातांच्या डॉक्टरकडे. तो म्हणाला, तोंड मिटूच नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला असं सांगितलं. पैज मात्र मीच जिंकणार, टोमणे मारायला समोर कोणी नाही.

त्या बाईंचा राग येतो. अर्धं अंग लुळं पडलेली म्हातारी, परक्या सैन्याने घेरलेली, फ्रीजसुद्धा उरला नाही. आणि मी इथे एसीत बसून तिचा मत्सर करतो. ज्याचा मत्सर करावा असा माणूस तरी धडधाकट असावा! लोकांना सांगायचीसुद्धा सोय नाही.

पण एक आहे. बाई आहेत तोवर मला एक उत्तर आहे. बाईंसाठी राहिली. चांगली आहे म्हणून राहिली. हे उत्तर चारचौघांत म्हणून पाहिलं. लोक मान हलवतात. मीही हलवतो.

१४ जानेवारी १९९१

सैन्याला कुवेत सोडायला दिलेली मुदत उद्या संपते. आमच्या इमारतीतली निम्मी कुटुंबं गावी गेली. उरलेल्यांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या फुली मारून लावल्यात. वरून पाहिलं तर अख्खी इमारत चुकीच्या उत्तरांची वाटते.

ईशानीला हेमाकडे पाठवायचं म्हटलं. नाही म्हणाली. "इफ आई कम्स, समवन शुड बी होम."

"मी आहे ना."

"यू आर ॲट द प्रेस, बाबा. शी डझन्ट हॅव अ की."

१७ जानेवारी

सुरू झालं.

३० जानेवारी

रोज बातम्यांत नकाशा. कुवेत सिटीवर मोठा ठिपका. फहाहीलला ठिपका नाही. एवढंसं गाव, एक बाजार, एक मशीद, मासेवाले. कुणाच्या नकाशात नसलेलं बरं की वाईट?

प्रेसमध्ये काम नाही. मालक म्हणतात, युद्ध संपलं की अभिनंदनाची कार्डं छापू. कोणाच्या बाजूची, ते अजून ठरलं नाही म्हणे. विनोद करतोय असं त्यांना वाटलं. मी हसलो. पगारी हसलो.

१५ फेब्रुवारी

ईशानीचा वाढदिवस. पंधरा. केस खांद्याखाली गेलेत, कापले नाहीत.

२७ फेब्रुवारी

कुवेत सुटलं! सकाळपासून हॉर्न. साडीवाला पेढे वाटतोय, चार दिवसांत खलास म्हणालो होतो ना, म्हणतो. मी म्हटलं, दोनशे दहा दिवस झाले. "वही तो," म्हणाला.

ईशानी शाळेतून पळत आली, दप्तर दारातच टाकलं. "नाउ शी कॅन कम! बाबा, नाउ नोबडी कॅन स्टॉप हर!"

टीव्हीवर फहाहीलच्या पाठीमागची तेलविहिरींची आग दाखवतात. दुपारी तिथे काळोख. लोक दिवे लावून गाड्या चालवताहेत. ईशानी पडद्याला नाक लावून बसलीय, गर्दीतल्या बायका बघत. मी मागे बसलोय. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते कागदालासुद्धा सांगवत नाही. कालपर्यंत भीती सोपी होती.

६ मार्च

फोन नाही. तारा तुटल्यात, म्हणतात. तारा तुटल्यात हे चांगलं आहे.

१४ मार्च

फोन आला. मृणालिनी. कोणा पत्रकाराचा सॅटेलाइट फोन, मागे रांग, माणशी दोन मिनिटं. बरी आहे. धुराने खोकते. ईशानीशी बोलली, ईशानी नुसती हो हो म्हणत होती. मग मी घेतला. विचारलं, बाई कशा आहेत?

"बाई गेल्या रे. बस सुटली ना अन्वरची, त्यानंतर पाच दिवसांनी. चोवीस सप्टेंबरला."

शेवटची बस अकरा ऑक्टोबरला सुटली.